कच्चं काम चारचौघांत

बीडहून परळीला जाणारा आणि माजलगावहून धारूरला जाणारा, असे दोन रस्ते तेलगावच्या चौकात एकमेकांना छेदतात. शेजारीच लोकनेते सुंदरराव सोळंके सहकारी साखर कारखाना आहे. गाळप सुरू झालं की उसाच्या ट्रॉल्यांनी हा चौक तुंबतो. कारखाना असा दाराशी असला तरी या पट्ट्यातली कितीतरी जोडपी दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळीबरोबर बाहेर पडतात आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, पुढे कर्नाटक गाठतात. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. बाई एखाद्या दिवशी फडात गेली नाही तर खाडा पडतो आणि खाड्याचे पैसे उचलीच्या हिशेबात चढतात.

या बायकांबद्दलची एक गोष्ट 2019 मध्ये राज्यभर गाजली. त्या स्वतः ती दोन शब्दांत सांगतात: “पिशवी काढली.” पिशवी म्हणजे गर्भाशय. राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांच्या पाहणीत 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं, म्हणजे शंभरात जवळपास सतरा. गर्भाशय काढण्याआधी खासगी रुग्णालयांनी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायची, असा नियमही जिल्ह्यात लागू झाला.

आता कल्पना करू, की वैद्यकीय महाविद्यालयातली एक विद्यार्थिनी हा आकडा घेऊन विभागाच्या सेमिनारमध्ये उभी आहे. महाविद्यालय लांबचं नको, जिल्ह्यातलंच घेऊ, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. पहिल्या स्लाइडवर तिने सतरा टक्के लिहिले आहेत. दुसऱ्या स्लाइडवर 2015-16च्या चौथ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा देशभराचा आकडा आहे, 3.2 टक्के. तिसऱ्या स्लाइडवर मोठ्या लाल अक्षरांत ‘पाचपट!’ सभागृह गंभीर होतं. मग मागच्या रांगेतून कुणीतरी विचारतं, “दोन्हींचे वयोगट एकच आहेत का?”

या एका प्रश्नाने तिसरी स्लाइड उडते. राष्ट्रीय पाहणीतला आकडा 15 ते 49 वयाच्या बायकांचा आहे. त्यात पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीही मोजल्या गेल्या, आणि या वयात गर्भाशय काढलेली मुलगी सापडणं दुर्मीळ. ऊस तोडायला जाणाऱ्या सगळ्याच बायका या वयोगटात कशा बसतील? वय वाढतं तसं ही शस्त्रक्रिया झालेल्या बायकांचं प्रमाण वाढत जातं, त्यामुळे ज्या गटाचं सरासरी वय जास्त त्याचा आकडा आपोआप फुगतो. मग दुसरा प्रश्न येतो. शस्त्रक्रिया ऊसतोडीला लागण्याआधी झाली की नंतर? आधी झाली असेल तर दोष कोयत्याच्या माथी कसा मारणार? तिसरा प्रश्न: कशासाठी झाली? पाळीच्या दिवसांत खाडा पडू नये म्हणून, अंगावरून पांढरं जातं म्हणून, की ‘पुढे कॅन्सर होईल’ असं कुणी भरवलं म्हणून? आणि पाहणीला आलेल्यांच्या दारात जी बाई त्या दिवशी नव्हतीच, तिचं काय?

या प्रश्नांनी बायकांचं दुखणं हलकं होत नाही. वयाचा हिशेब करूनही दोन आकड्यांतलं अंतर पुरतं मिटेल असं मला वाटत नाही. पण मला काय वाटतं याला सेमिनारमध्ये किंमत नाही, ते दाखवावं लागतं. मडकं घेताना टिचकी मारून बघतात, तशी टिचकी त्या ‘पाचपट’ला मागच्या रांगेतून बसली. ती तिथे बसली नसती तर पुढे न्यायालयात, विधिमंडळात किंवा शस्त्रक्रियांवर पोट भरणाऱ्यांच्या वकिलाकडून बसली असती आणि मग बायकांची खरी तक्रारही त्या एका चुकीबरोबर वाहून गेली असती.

विद्यापीठांतले आरोग्य-संशोधनाचे सेमिनार असतात ते एवढ्यासाठी. काम पूर्ण झालं की ते नियतकालिकात छापून येतं. त्याच्या कितीतरी आधी, प्रश्न नीट बसलेला नसताना, रुग्ण पंधराच जमलेले असताना, यंत्राचा नमुना अजून चिकटपट्टीने बांधलेला असताना ते चारचौघांपुढे ठेवायचं. पदव्युत्तर विद्यार्थी सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाचा आराखडा, मांडतात तेव्हा हेच होतं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची विद्यार्थी शिष्यवृत्ती 1979 पासून चालू आहे. एमबीबीएसच्या मुलांनी दोन महिन्यांत एक छोटा प्रकल्प करायचा, एवढीच तिची अपेक्षा. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांचं ‘आविष्कार’ संशोधन संमेलन महाविद्यालयापासून सुरू होऊन विद्यापीठ पातळीवर आणि मग राज्य पातळीवर जातं. औषधनिर्माण आणि वैद्यक हा त्यातला एक स्वतंत्र गट. मुलं पोस्टरपाशी उभी असतात, परीक्षक हिंडत येतात, आणि घोकून आणलेलं भाषण संपल्यावर खरी परीक्षा सुरू होते. माझ्या मते पोस्टरची ही पद्धत व्यासपीठावरच्या भाषणापेक्षा चांगली. समोरासमोर उभं राहिलं की ‘वेळेअभावी प्रश्न घेता येणार नाहीत’ हे वाक्य कुणाला म्हणता येत नाही.

मुंबईत ही रीत जुनी आहे. मेडिकल अँड फिजिकल सोसायटी ऑफ बॉम्बे 1835 मध्ये स्थापन झाली. ग्रँट मेडिकल कॉलेज त्यानंतर दहा वर्षांनी उघडलं. म्हणजे शिकवायची सोय होण्याआधी एकमेकांना रुग्णांच्या हकिगती सांगायची सोय झाली होती. हेन्री व्हॅनडाइक कार्टर 1858 मध्ये इथे आले. ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ या प्रसिद्ध ग्रंथातली चित्रं त्यांनीच काढलेली. ग्रँट मेडिकल कॉलेजात ते शरीररचनाशास्त्र शिकवू लागले आणि त्यांच्यासमोर शेतकऱ्यांचे विचित्र सुजलेले पाय येऊ लागले. पायाला भोकं पडलेली, त्यातून काळे किंवा फिकट कण बाहेर येणारे. मदुराईकडे हा रोग आधी वर्णिला गेला होता, म्हणून त्याला ‘मदुरा फूट’ म्हणत. सूक्ष्मदर्शकाखाली काळे कण पाहून कार्टर यांनी 1860 मध्ये सोसायटीच्या कार्यवृत्तात मांडलं, की ही बुरशी आहे. जिवाणूंमुळे रोग होतात हे अजून जगात सर्वमान्य व्हायचं होतं, त्या काळातली ही गोष्ट.

हे म्हणणं निम्मं बरोबर निघालं. काळ्या कणांचा रोग बुरशीचाच होता. फिकट कणांमध्ये मात्र कार्टर यांना बुरशी तशी स्पष्ट सापडेना आणि ते प्रकरण वर्षानुवर्षं रेंगाळलं. ते साताऱ्याला सिव्हिल सर्जन होते, पुढे 1874 मध्ये त्यांनी या रोगावर पुस्तक लिहिलं, तरी कोडं शिल्लकच. अखेर 1894 मध्ये फ्रान्सच्या व्हिन्सेंट यांनी अशा रोगातला जंतू वेगळा करून त्याचं वर्णन केलं. आज आपण त्या कुळाला जिवाणूंत धरतो. एकाच नावाखाली दोन रोग नांदत होते. आजही काळ्या कणांवर बुरशीविरोधी औषध द्यावं लागतं आणि दुसऱ्या प्रकारावर प्रतिजैविक. कार्टर यांनी दोन्ही प्रकारांचे कण नीट वर्णन करून, चित्रं काढून चारचौघांपुढे ठेवले होते, म्हणून पुढच्यांना कुठे अडलं ते कळलं.

त्याच शहरात, त्याच काळात नेमकी उलट गोष्ट घडली आणि तीही थोर माणसाकडून. डॉ. भाऊ दाजी लाड हे ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीचे पदवीधर. पुराणवस्तू, शिलालेख, नाटक, स्त्रीशिक्षण, कशात नव्हते ते! कुष्ठरोगावर त्यांनी एक औषध वापरायला सुरुवात केली. रुग्णांना उतार पडतो अशी ख्याती झाली, रुग्ण लांबून येऊ लागले. पण औषध कोणतं ते भाऊ दाजींनी सांगितलं नाही. बरोबरीच्या डॉक्टरांनी टीका केली, की आधुनिक वैद्यक शिकलेल्या माणसाला गुप्त औषध शोभत नाही. 1874 मध्ये भाऊ दाजी गेले. त्यांचं औषध होतं कडू कवठीच्या बियांचं तेल. चौलमोगऱ्याच्या जातकुळीतलं हे तेल पुढे जगभर कुष्ठरोगावर वापरलं गेलं, 1940च्या दशकात सल्फोन औषधं येईपर्यंत. भाऊ दाजींच्या रुग्णांच्या नोंदी त्यांच्या हयातीत इतरांनी तपासल्या असत्या तर कुणाला किती गुण आला, कुणाला नाही, रोगाच्या कोणत्या प्रकारात आला, हे सगळं फार लवकर कळलं असतं. त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पुरती खात्री पटेपर्यंत बोलायचं नाही, हा सावधपणा असू शकतो. पण एकट्याने खात्री पटवून घेता येत नाही, ती इतरांनीच पटवून द्यावी लागते.

मराठवाड्यातल्या माणसाचं उदाहरण हवं तर ते हिंमतराव बावस्करांचं. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचा हा मुलगा नागपूरला एमबीबीएस झाला आणि 1970च्या दशकात रायगड जिल्ह्यात महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाला. कोकणात लाल विंचू चावला की माणसं मरत. गंभीर लक्षणं दिसणाऱ्या शंभरांत तीसच्या आसपास दगावत. बावस्करांकडे ना अतिदक्षता विभाग, ना प्रयोगशाळा. होतं काय, तर रक्तदाब मोजायचं यंत्र, स्टेथोस्कोप आणि रुग्णाच्या उशाशी रात्रभर बसायची तयारी. त्यांनी तासातासाला लिहून ठेवलं: ओकारी होते, दरदरून घाम फुटतो, हातपाय गार पडतात, रक्तदाब आधी चढतो, मग काही तासांत छातीत पाणी भरतं आणि रक्तदाब कोसळतो. पुरुषांत लिंगाला आपोआप ताठरपणा येतो. संकोचापायी हे लक्षण कुणी सांगत नसे, पण पुढे हृदयावर घाला येणार याची ती आगाऊ सूचना होती. ही पूर्वलक्षणं 1982 मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये छापून आली.

त्यामागची यंत्रणा अशी. लाल विंचवाचं विष मज्जातंतूंवरची सोडियमची दारं उघडी ठेवतं. शरीरात अ‍ॅड्रिनलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो. रक्तवाहिन्या आवळल्या जातात. आवळलेल्या नळ्यांत रक्त ढकलता ढकलता हृदय थकतं आणि फुप्फुसांत पाणी साचतं. मग ती आवळण सोडवणारं औषध का देऊ नये? प्राझोसिन नावाची रक्तदाबाची गोळी नेमकं तेच करते. तोंडाने द्यायची, स्वस्त, खेड्यातल्या दवाखान्यातही मिळणारी. हिंमतराव आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी 1986 मध्ये ‘द लॅन्सेट’मध्येच प्राझोसिनचा अनुभव मांडला. काटेकोर शास्त्राच्या दृष्टीने हे कच्चंच काम होतं. चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडलेले नव्हते. कुणी म्हणू शकलं असतं, आधी पुरती चाचणी करा आणि मग बोला. ते थांबले असते तर मधल्या वर्षांत किती जण गेले असते याचा हिशेब करवत नाही.

पुढचा भाग मला सगळ्यात आवडतो. पंचवीस वर्षांनी याच दांपत्याने 70 रुग्णांवर पद्धतशीर चाचणी केली. 35 जणांना नुसतं प्राझोसिन, 35 जणांना प्राझोसिन आणि विंचवाच्या विषावरचं प्रतिविष. निकाल 2011 मध्ये ‘बीएमजे’त आला. दहा तासांनी प्रतिविष मिळालेल्यांपैकी 32 जण पूर्ण बरे होते, नुसत्या प्राझोसिनवाल्यांतले 8. म्हणजे ज्या औषधाने त्यांना नाव मिळवून दिलं तेच एकटं पडलं तर कमी पडतं, हे त्यांनी स्वतःच जगाला सांगितलं. 2022 मध्ये हिंमतरावांना पद्मश्री मिळाली.

कच्चं काम ऐकून घेणारी सभा दरवेळी शहाणी असते असं नाही. ऑस्ट्रेलियातल्या बॅरी मार्शल यांनी 1983 मध्ये आपल्या देशातल्या जठररोगतज्ज्ञांच्या सभेसाठी टिपण पाठवलं. जठराच्या सुजेत आणि व्रणात एक वळणदार जिवाणू सापडतो, असं त्यात होतं. सभेकडे 67 टिपणं आली होती, 56 स्वीकारली गेली आणि मार्शल यांचं उरलेल्या अकरांत गेलं. त्याच वर्षी ब्रसेल्समध्ये जिवाणूतज्ज्ञांच्या कार्यशाळेत ते काम त्यांनी मांडलं, तिथे कान टवकारले गेले. मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना 2005 मध्ये नोबेल मिळालं. जठराच्या डॉक्टरांना आम्लाची सवय होती, जिवाणू पाळणाऱ्यांना जिवाणूंची. म्हणून सभेत एकाच विषयाची माणसं भरू नयेत. ऊसतोड बायकांवरच्या चर्चेला स्त्रीरोगतज्ज्ञांच्या जोडीला संख्याशास्त्राचा प्राध्यापक, कामगार कायदा जाणणारी वकील आणि एखादी आशा कार्यकर्ती बसली तर प्रश्न वेगळेच निघतील.

आपल्याकडच्या सेमिनारांबद्दल इथे दोन शब्द बोलल्याशिवाय राहवत नाही. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, अध्यक्षीय मनोगत, आणि मग दुपारच्या जेवणाआधी सात जणांचे पेपर उरकायचे. प्रत्येकाला पाच मिनिटं. प्रमाणपत्र मात्र सगळ्यांना. पेपर वाचणाऱ्याला बढतीसाठी गुण हवे असतात, आयोजकांना मूल्यांकनासाठी अहवाल. यात कुणी कुणाला कशाला प्रश्न विचारील? तरण्या संशोधकाला आडवं घेणारे वडीलधारेही असतात, ‘यात नवीन काय?’ एवढंच विचारून खाली बसणारे. या प्रश्नाने कुणाचंही काम पुढे सरकलेलं मी पाहिलेलं नाही. ‘तुलनेचा गट कोणता?’ आणि ‘मधेच सोडून गेलेले रुग्ण कुठे मोजले?’ हे प्रश्न जास्त बोचरे आणि जास्त उपयोगी.

परिषदांत मांडलेल्या सारांशांपैकी पुढे पूर्ण लेख किती होतात, याचा आढावा कॉक्रेन या संस्थेने 2018 मध्ये घेतला. तीन लाखांहून अधिक सारांश तपासले. पूर्ण छापून आले ते शंभरात सुमारे सदतीस. यातली मेख अशी, की ज्यांत ‘गुण आला’ असा निकाल होता ती कामं जास्त छापली गेली. ‘काही उपयोग झाला नाही’ ही बातमी सभागृहातच विरते आणि पुढचा विद्यार्थी तोच प्रयोग पुन्हा करतो. न जमलेल्या कामांसाठी सेमिनारात अर्धा दिवस राखून ठेवावा, असं मला मनापासून वाटतं.

उपकरण बनवणाऱ्यांची अडचण निराळी. आयआयटी मुंबईत 2014 मध्ये राज्य सरकारच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या मदतीने ‘बेटिक’ हे वैद्यकीय उपकरणांचं केंद्र सुरू झालं. पुण्याचं सीओईपी आणि नागपूरचं व्हीएनआयटी त्याला जोडलं गेलं. डॉक्टरांनी वॉर्डात काय अडतं ते सांगायचं, अभियंत्यांनी काही दिवसांच्या शिबिरात त्यावर नमुने करून दाखवायचे. पण दाखवलं की गुपित फुटलं आणि फुटलेल्या गुपितावर पेटंट मिळत नाही, ही धास्ती मुलांना असते. भारताच्या 1970च्या पेटंट कायद्यात यावर थोडी सवलत आहे. शोधकर्त्याने विद्वत्सभेपुढे स्वतः निबंध वाचला असेल तर त्यानंतर बारा महिन्यांत अर्ज करता येतो. मात्र युरोपात ही सवलत चालत नाही. म्हणून शहाणी मुलं आधी तात्पुरता अर्ज भरतात, त्याने पूर्ण अर्जासाठी बारा महिने मिळतात, आणि मग निर्धास्तपणे बोलतात.

पुन्हा तेलगावकडे येऊ, कारण आपल्या कल्पनेतल्या विद्यार्थिनीला आता नवी आखणी करायची आहे. मोजायला बसण्याआधी तिने एक जुना लेख वाचावा. गडचिरोलीत राणी बंग आणि अभय बंग यांनी दोन गावांतल्या 650 बायका तपासल्या. 92 टक्के बायकांना कसला ना कसला स्त्रीरोग होता आणि त्याआधी तपासणी झालेल्या जेमतेम आठ टक्के. 1989 मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये आलेल्या या लेखाने सरकारी आरोग्यसेवेला बाळंतपणापलीकडची बाई पहिल्यांदा दाखवली. त्यांचं बळ तुलनेच्या मोठ्या आकड्यात नव्हतं. दवाखान्यात आलेल्याच नव्हे, तर गावात राहणाऱ्या बायका त्यांनी तपासल्या, त्यात होतं.

तेलगाव परिसरात तुलनेचा गट लांब शोधायला नको. त्याच गावातल्या, त्याच वयाच्या, ऊस तोडायला न जाणाऱ्या बायका घ्याव्यात. प्रत्येकीला पाच गोष्टी विचाराव्यात: वय, ऊसतोडीला पहिल्यांदा कोणत्या साली गेलात, पिशवी कोणत्या साली काढली, काढायला कुणी सांगितलं, आणि सोनोग्राफीचा कागद आहे का. साल आठवत नसेल तर ‘थोरलीच्या लग्नाआधी की नंतर’ असं विचारलं की बरोबर आठवतं. नीतिमत्ता समितीची मंजुरी लागेल, संमतीपत्र मराठीत वाचून दाखवावं लागेल. पोस्टरवर गावाचं नाव, वय आणि मुलांची संख्या एकत्र छापायची नाही, कारण वस्तीवर तेवढ्यावरून बाई ओळखू येते.

आणि एक अडचण कॅलेंडरची आहे. आविष्कारच्या फेऱ्या साधारण डिसेंबर-जानेवारीत रंगतात, तेव्हा या बायका परमुलखात कोपीत राहून मोळ्या वाहत असतात. त्या गावात भेटतात गाळप संपल्यापासून दसऱ्यापर्यंत. माहिती तेव्हाच गोळा करावी लागेल, आणि कच्चा निकाल टोळ्या निघण्याआधी, सप्टेंबरात, तेलगावातच त्यांच्यापुढे एकदा वाचून दाखवावा. कोणती बाई यादीतून सुटली, कोणत्या दवाखान्याचं नाव सगळ्यांनी टाळलं आणि ‘स्वतःहून काढली’ असं लिहिलेलीला खरं कुणी पाठवलं होतं, हे त्याच सांगू शकतील. अंबाजोगाईचं सभागृह त्यानंतर.